लेकीच्या ताटातली मुशी

मासळीला भिणारा आणि तरीही मासळीवाचून घास न उतरणारा माणूस अख्ख्या डहाणू तालुक्यात एकच आहे, आणि ते म्हणजे मसोलीचे माझे साडू. वाचनालयातल्या एका व्याख्यानात त्यांनी ऐकलं की खाडीच्या गाळातला पारा, शिसं बारक्या माशांत जातं, बारक्यांतून मोठ्यांत, आणि तिथे साठत राहतं. त्या दिवसापासून गृहस्थ बाजारात माशाचा ताजेपणा बघायचं सोडून वय विचारू लागले. "भाऊ, मासा न्यायचाय का सोयरीक जुळवायचीय?" असं कोळणीने विचारलं तरी चौकशी चालूच. घोळ, सुरमई अशी मोठी मासळी घरातून हद्दपार झाली, बारकी मांदेली तेवढी राहिली. जेवण झालं की पाऱ्याने हात थरथरतो का ते बघायला सुईत दोरा ओवायचे. चष्मा लावायचं लक्षात नसे, त्यामुळे दोरा काही जात नसे आणि दुपारची झोप उडायची.

यंदा लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि धास्तीला धरबंद राहिला नाही. आमच्या किनाऱ्यावर बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण देतात. मुशी म्हणजे लहान शार्क, म्हणजे साडूंच्या मते सगळ्या माशांचं विष गिळून बसलेली. त्यांनी विरोध करून पाहिला. मेहुणीने शांतपणे विचारलं की आपली मुलं मग कशावर वाढली. दुसऱ्या दिवसापासून साडूंचं नवलच सुरू झालं. लेकीच्या शेजारी पाट मांडून बसायचे आणि मेहुणीची पाठ वळली की तिच्या ताटातल्या तुकड्या आपल्या ताटात ओढायचे. म्हातारा बाळंतिणीच्या तोंडचा घास पळवतो, असा घरभर बोभाटा झाला. "बाबा, बाळंतीण मी आहे की तुम्ही?" लेक विचारायची. हे मान खाली घालून खात राहायचे.

एकदा ओट्यावर मी त्यांना छेडलं, म्हटलं, भीती गेली वाटतं. त्यांनी आधी आत डोकावून पाहिलं.

"माझं चुकत असेल तर मी चार तुकड्या जास्त खाल्ल्या, एवढंच," ते म्हणाले. "पण चुकत नसेल तर ते दुधातून बाळाला जाईल हो. माझं काय, पिकलं पान. तिला मात्र सांगू नका, धास्तीने दूध आटायचं."



बाळ मान धरू लागलं तशी लेक कासा गावी सासरी गेली. आता साडू रोज जेवणाच्या वेळी तिला फोन करून काय केलंय ते विचारतात. परवा मी त्यांच्याच पंगतीला होतो, फोन स्पीकरवर होता. लेक हसून म्हणाली, "सासूबाई आठवणीने मुशी आणतात, बाबा. आणि इथे माझ्या ताटात कुणी हात घालत नाही."

साडू "बरं, जप हो" म्हणाले आणि फोन ठेवून बसून राहिले. समोरचा भात निवत चालला होता.