चंद्री कुणाच्या गोठ्यात आहे?

छापखान्यात आरोग्याच्या नव्या पत्रकाची प्रुफं वाचत होते, तेव्हा आईचा फोन आला. "दत्तूमामा गेला गं…" एवढंच. त्याला आता महिना उलटला. गल्लीत सगळे म्हणतात, हार्ट बंद पडलं, पैलवान माणूस, दृष्ट लागली. खोटं आहे. माझ्या मामाला एका जंतूनं मारलं. आणि तो आजारी असताना आमच्या घरानं जे केलं, त्याची लाज मला रडूही देत नाही.

मामा रोज संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस घेऊन उभा राहायचा. गिऱ्हाईक समोर, धार थेट ग्लासात, फेसासकट तोंडाला. मी 'पाणी उकळून प्या'ची पत्रकं घेऊन तिथून गेले की ओरडायचा, "काय ओ बाई, आज कुठल्या जंतूचा मुडदा पाडणार?" दूधही उकळा म्हटलं की हसायचा. "उकळलं की ताकद गेली की गं! तुझं जंतू आमच्या चंद्रीला भित्यात."

ती चंद्री सातव्या महिन्यात गाभडली. मेलेलं रेडकू आणि अडकलेली वार मामानं उघड्या हातांनी ओढून काढली. तळव्यांना भेगा होत्या. जंतू तिथून शिरला असेल, नाहीतर रोजच्या कच्च्या दुधातून. डॉक्टर म्हणाले, दोन्ही होऊ शकतं. काही आठवड्यांनी संध्याकाळचा ताप सुरू झाला. घामानं भिजलेला सदरा, धरलेली कंबर. ताप जायचा, परत यायचा… आणि तालमीतली पोरं त्याच्यासाठी मायेनं काय आणायची? कट्ट्यावरचं धारोष्ण दूध!

रक्त तपासलं तेव्हा नाव कळलं, ब्रुसेला. एरवी जंतू शिरला की शरीरातल्या राखणदार पेशी त्याला गिळून मारतात. हा गिळला जातो, पण मरत नाही. राखणदाराच्याच पोटात लपून वाढतो आणि त्याच्यासोबत हाडांत, सांध्यांत जाऊन पोचतो. मामाच्या बाबतीत तो हृदयाच्या झडपेवर बसला. घरच्यांना गोळा करून मी हे सगळं सांगितलं, सभेत सांगावं तसं. रोग गोठ्यातून आलाय, हेही मी म्हणाले. मग त्या म्हशीचं काय करायचं, हे मात्र बोललेच नाही. आमच्या पत्रकांत ते कधी नसतंच.

दवाखान्यात मामानं विचारलं, "चंद्रीची धार कोण काढतंय?"

"इकली की," मामीचा भाऊ म्हणाला. "बाजारात, दलालाला. राधानगरीकडं गेली म्हणं. घरातनं रोग गेला दाजी, सुटलो!"

"गाभडल्याली हाय म्हणून सांगितलंसा न्हवं?"

आई खिडकीबाहेर बघत राहिली. मामा सलाईनसकट उठायला लागला. "त्यांच्यात बारकी पोरं असतील की रं… माझी म्हैस हाय ती!" आपण जगणार का, हे त्यानं डॉक्टरांना एकदाही विचारलं नव्हतं. मला म्हणाला, "जगाला सांगत फिरतीस न्हवं? मग ह्येबी सांग की."

तो गेल्यावर मी दलालाला गाठलं. "कितीक जनावरं जात्यात ताई, कुठली ध्यानात ऱ्हायची?" राधानगरीत भिंतींवर चंद्रीच्या वर्णनाची पत्रकं चिकटवून आले. कुणाचा निरोप नाही. आता हे पेपरात देतेय, तर आई म्हणते, घराचं नाव कशाला घालवतेस. नाव गेलंच आहे, आई. आपण कुणाच्या तरी घरात आजार विकलाय.

म्हणून वाचणाऱ्यांना विचारते. तुमच्या गोठ्यात अलीकडे बाजारातून आणलेली, डावं शिंग खाली वळलेली म्हैस आहे का? पान्हा चोरते का? तर तिच्या कासेपाशी बसा आणि मामा धार काढताना घालायचा तशी हलकी शीळ घाला. सूर कुठलाही चालेल, मामाला एकही धड येत नव्हता. तिनं मान वळवली, पान्हा सोडला, की समजा तीच चंद्री. मारू नका तिला. दूध चांगलं उकळा, व्याली तर तिच्या वारेला उघडा हात लावू नका, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. आणि मेहेरबानी करा… न सांगता पुढं विकू नका.