बहिणीच्या सासरचं हेड

आमच्या ट्रॅक्टरचं हेड तडकलं. हेड म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचा लोखंडी ठोकळा. रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये उतरलं आणि सौंसरच्या मिस्त्रीनं ते काढून दाखवलं तर दुधाच्या चहासारखं दिसत होतं. "वेल्डिंग टिकत नाही भाऊ, दुसरं हेड पाहा," तो म्हणाला. दुसरं पाहा म्हणायला काय जातं! हा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयानं मोठा, बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. विकून टाका म्हणणारे पुष्कळ भेटले. पण आमची संत्र्याची बाग जुनी, दाटीनं लावलेली; तिच्या ओळींमधून फांद्या न मोडता हाच बुटका गडी जातो. आणि खरं सांगायचं तर माझा हट्टही होता.

सौंसर झालं, पांढुर्णा झालं, छिंदवाडा झालं, नागपूरच्या जुन्या सामानाच्या दुकानांत दोनदा जाऊन आलो. प्रत्येक ठिकाणी तडकलेलं हेड गोणपाटात गुंडाळून सोबत. आमच्याकडे जुनं सामान असंच शोधतात. तोंडी सांगून भागत नाही, नमुना न्यावा लागतो. दुकानदार हेडाखालची भोकांची पातळ पट्टी, म्हणजे गास्केट, टेकवून पाहायचा. बोल्टाची भोकं जुळली तर पाण्याची जुळायची नाहीत.

जुळणारं हेड कुठं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिगावजवळ, माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरी. त्यांचाही ट्रॅक्टर हाच. तिचं लग्न ठरलं तेव्हा लोक म्हणाले होते, पत्रिका नंतर पाहा, इंजिनं तर जुळली. पुढे त्यांच्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स गेला आणि तो गोठ्यामागे उभा राहिला, पण इंजिन शाबूत होतं.

अडचण एवढीच की लेकीच्या घरचं घ्यायचं नसतं. बाबा अजून तिच्याकडे पाणी पीत नाहीत, पांढुर्ण्याला पिऊन घेतात आणि मग पुढे जातात. मी एकदा आडून विषय काढला तर भडकले. "पोरीच्या घरचं पाणी मले चालत नाही, अन् तू लोखंड आणतं काय तिथून?"

मग मी शक्कल लढवली. मिस्त्रीलाच गिऱ्हाईक म्हणून तिगावला धाडलं. माझं नाव काढायचं नाही, मागतील ते पैसे द्यायचे. विकत घेतलं म्हणजे लेकीच्या घरचं घेतलं असं होत नाही, आणि बाबांना कळायचंही कारण नाही. स्वतःच्या हुशारीवर मी फार खूश होतो. आणि नेहमीच्या सवयीनं नमुना म्हणून आमचंच हेड त्याच्या गाडीला बांधून दिलं.

तो रिकाम्या हातानं परत आला.

"म्हातारा देतच नाही, भाऊ. म्हणे, सुनेच्या माहेरी असाच ट्रॅक्टर आहे, त्यायच्यासाठी ठेवून राहिलो. मी किती पैसे सांगितले, तरी नाहीच."

"आणखी कोण होतं तिथं?"

"सून पाणी घेऊन आली ना. आपल्या हेडाकडे पाहतच राहिली. त्याच्यावरचा रंग नखानं खरवडला. म्हाताऱ्यानं विचारलं, तुह्या माहेरचं त नाही हे? तर नाही म्हणे, अन् अंदर चालली गेली."

त्या हेडाच्या कडेला पोपटी रंग आहे. घराच्या दारांचा उरलेला रंग तिनंच शाळेत असताना इंजिनाला फासला होता, आणि बाबा रागवायचे सोडून तो सगळ्यांना दाखवत फिरले होते. तसं दुसरं हेड कुठं असणार? तिनं ओळखलं. सख्खा भाऊ आपल्या दारात परक्याला पाठवतो हे तिला कळलं, आणि तरी माझी अब्रू राखायला ती सासऱ्याशी खोटं बोलली. मला फार लाज वाटली.

शेवटी मी स्वतः गेलो. घरी जामसांवलीला दर्शनाला जातो म्हणून सांगितलं. म्हणजे आणखी एक खोटं, तेही हनुमानाच्या नावानं.

तिच्या सासऱ्यांना मी हेड तडकल्याचं सांगितलं, तर ते खाटेवरून उठलेच. "मंग आतापर्यंत काऊन नाही सांगितलं पावणे? आताच एक जण आला होता हेड घ्याले. तुमच्यासाठी ठेवलं होतं, म्हणून वाटेले लावलं त्याले."

"असं का? कोण होता?" मी म्हणालो. नवल वाटल्याचा चेहराही केला. बहीण दारात उभी राहून तो चेहरा पाहत होती.

सासऱ्यांनी स्वतः पान्हे घेऊन बोल्ट सोडवले, हेड पुसलं. गास्केट टेकवलं तर भोकाला भोक बसलं. पैशांची गोष्ट काढली तर म्हणाले, "सोयऱ्यायकडून पैसे घेत असतेत काय?" बहिणीनं चहा दिला. बाबांची तब्येत विचारली, बाग कशी आहे विचारलं. पाहुण्याला विचारतात तसं. एरवी मी आलो की ती आधी भांडते, इतक्या दिवसांनी आठवण झाली का म्हणून. त्या दिवशी भांडली नाही. मी मान खाली घालून चहा संपवला.

हेड मोटरसायकलला बांधून झालं. निघताना बहिणीच्या हातावर काही ठेवायचं असतं, तशी मी नोट ठेवली. ती नेहमी "राहू दे ना दादा" म्हणते आणि मग घेते. या वेळी तिनं नको म्हटलं नाही. नोटेकडे पाहिलं आणि सासऱ्यांना ऐकू जाणार नाही असं विचारलं, "हे माहे होय, का हेडाचे?"

"तुहेच," मी म्हणालो.

तिनं मूठ मिटली ती बहुतेक सासरे पाहत होते म्हणूनच.