उष्टे दोरे

माझे वडील बस चालवायचे. सुट्टीच्या दिवशी घरी बसून गळाला पिसं बांधायचे आणि मासे फसतील अशा खोट्या माश्या करायचे. दोरा आईच्या शिवणाच्या डब्यातला. निवडताना जीव खायचे नुसता! प्रत्येक रिळाचं टोक जिभेवर ओलं करून खिडकीपाशी धरायचे. "कोरड्या रंगाला भुलू नये. मासा दोरा ओलाच बघतो."

आई करवादायची, "माझे दोरे उष्टे करू नका!" मग ते मुद्दाम आणखी एक चाटायचे.

वडील जाऊन चार वर्षं झाली. परवा मी आईबरोबर पडद्यांसाठी दोरा घ्यायला गेले. दुकानदाराने तीन रिळं पुढे ठेवली. आईने एकेकाचं टोक जिभेला लावून उजेडात धरलं.

"आजी, पडदे काय पाण्यात लावणार?" तो हसला.

आई त्याच्यावर खेकसली, "कोरड्या रंगाला भुलू नये!"