युसूफची हाक

आज नव्या चपलेला तेल चोळत बसलो आणि चामड्याच्या त्या वासानं मला सत्तरच्या दशकातल्या साताऱ्याच्या मैदानावर नेऊन सोडलं. आमचा फुटबॉलही असाच तेल पाजलेला असायचा.

मी गोलकीपर आणि कप्तान, माझ्यापुढं बचावाला युसूफ. उंच चेंडू आला की तो ओरडायचा, "माजा!" मग मी बिनघोर मागं थांबायचो. पण लोणंदच्या सामन्यात त्याच्याच डोक्याला लागून चेंडू आमच्या गोलात गेला आणि त्याची हाक बंद झाली. मग एकाच चेंडूवर आम्ही दोघं धडकायचो, नाहीतर दोघंही थांबायचो.

इस्लामपूरच्या सामन्याआधी तो म्हणाला, "मला भायेर बशीव गड्या. पाय लटपटत्यात."

"लटपटू देत. तू फकस्त हाक मार."

आम्ही एका गोलानं पुढं होतो. शेवटी शेवटी चेंडू उंच आला. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग फाटक्या आवाजात, "माजा!" मी जागचा हललो नाही. त्यानं डोक्यानं चेंडू पार बाहेर काढला.

सामन्यानंतर पाणी पिताना त्याच्या हातातला तांब्या हलत होता. मला वाटलं, दमलाय. आज कळतं, त्याची भीती गेलीच नव्हती. भीत भीतच त्यानं तो चेंडू आपला म्हटला होता.