काकूला जागं राहायचं नव्हतं

माझी काकू पाणी मागायची तेही "मेलात काय सगळे?" असं म्हणून. सकाळी अष्टमी गावातल्या आमच्या घराच्या ओट्यावर ती मिश्री लावत बसली की तिच्याशी कोणी बोलत नसे. मी तिला घाबरायचे. खरं सांगायचं तर ती मला फारशी आवडतही नव्हती.

तीन सिझेरियननंतर तिचं पोट सैल होऊन खाली लोंबत होतं. घडीखालची कातडी उन्हाळ्यात सोलवटून निघायची. कोलाडच्या ज्या हॉटेलात ती चुलीवर भाकऱ्या भाजायची, तिथली गिऱ्हाइकं विचारायची, "कितवा महिना?" शेवटी जास्तीची कातडी काढून पोट शिवून घ्यायचं तिने ठरवलं.

आजी, म्हणजे तिची सासू, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तीन पोरींची आई तू. पोट कोणाला दाखवायचंय गो?"

"तुम्हाला तर नायच," काकू म्हणाली.

मी पेणच्या कॉलेजात होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून काकूने मला पेणच्या दवाखान्यात सोबत नेलं. आजी न बोलावता आली.

भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला चुलीच्या धुराचा खोकला आहे. पूर्ण भूल देण्यापेक्षा कमरेत इंजेक्शन देऊ. खालचा भाग बधिर होईल, तुम्ही जाग्या राहाल."

"मला जागं राहायचं नाय. पूर्ण झोपवा."

"तंबाखू खाता?"

"नाय."

"हिरड्या काळ्या दिसतात. मिश्री?"

"ती काय तंबाखू हाय? ती दातांना लावायची."

डॉक्टर हसले नाहीत. "तंबाखूच भाजून करतात ती. तिच्यामुळे जखम नीट भरत नाही. ऑपरेशन करायचं तर मिश्री बंद. आणि पूर्ण भूल हवी असेल तर चूलही बंद. खोकला गेला की या, मग ठरवू."

"ही नाय सोडायची," आजी म्हणाली.

आजी बाहेर पुढे गेल्यावर मी चाचरत विचारलं, "काकू, कमरेतलं इंजेक्शन घेतलं तर काय बिघडेल?"

ती माझ्या अंगावरच आली. "धाकटीच्या वेळी कमरेतच दिलेलं. माझं पोट उघडं, आणि तिथली मावशी म्हणते, पुन्हा पोरगीच, नि पोट बघा केवढं. सगळे हसले. मी तिथंच होते ना गो! सगळं ऐकत पडले होते."



पुढचे दिवस घरात कोणालाच सुखाचे गेले नाहीत. काकूने मिश्रीची डबी पुलावरून कुंडलिका नदीत फेकली, भाकऱ्यांचं काम सोडलं आणि दिवसभर बडीशेप चघळत सगळ्यांवर खेकसत राहिली. आजी मुद्दाम तिच्यासमोर बसून मिश्री लावायची. "लावा, लावा," काकू म्हणायची, "दात हायत कुठं तुम्हाला?" पण तिने स्वतः बोट लावलं नाही. खोकला गेला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि पूर्ण भूल द्यायला तयार झाले.

ऑपरेशननंतर काकूला खोलीत आणलं तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. आजी खाटेशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "एवढा खटाटोप केला. पोट गेलं, तोंड हाय तेच ऱ्हायलं."

काकूने डोळे उघडले. आवाज जड होता, पण शब्द स्वच्छ.

"आई, मी जागी हाय. आता बोला काय ते."

पदर सावरत आजी दाराकडे गेली. ती बाहेर जाईपर्यंत काकू तिच्याकडे बघत होती.