शकूआत्याची भिंत

शकूआत्या कुणाकडेही गेली की यजमानांच्या आधी त्यांच्या भिंतींशी बोलते. बोलते म्हणजे भांडते. "हा गणपती इतका वर का टांगलाय? शिडी लावून दर्शन घ्यायचं का? चित्र डोळ्यांसमोर हवं, भिया." तोवर यजमान, म्हणजे तिचे हे इंदुरी 'भिया', पाण्याचा ग्लास धरून उभेच. इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत आमचं स्वागत जरा जपून होतं, ते तिच्यामुळे. मला मात्र तिच्याबरोबर जायला फार आवडतं. इतकं कसदार भांडण फुकटात दुसरीकडे बघायला मिळत नाही.

ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली, आमच्याच घरात राहिली आणि आम्हा भावंडांना रागावत रागावत वाढवलं. निवृत्तीनंतर आरशासमोर बसून तिने स्वतःचं तैलचित्र काढलं. नाकावर घसरलेला चष्मा, आणि समोरच्याची चूक आत्ताच सापडल्यासारखा चेहरा. अगदी हुबेहूब. पोलोग्राउंडच्या एका सुताराशी यथेच्छ वाद घालून जाड सागवानी फ्रेम करून घेतली. मग दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, "हॉलमध्ये लावून ठेव" असं सांगून मैत्रिणींबरोबर उज्जैनला गेली.

आमच्या हॉलच्या दक्षिणेच्या भिंतीवर पूर्वज असतात. पणजोबा होळकरांच्या दरबारी साधे कारकून, पण फोटोतली पगडी दिवाणांची वाटावी अशी. त्यांच्यापासून ओळीने सगळे दिवंगत, प्रत्येकाला चंदनाचा हार. त्या भिंतीवर जायला एकच पात्रता लागते. ओळीच्या शेवटी एक हुक रिकामा होता. दादांनी आत्याला तिथे टांगलं.

ती परतली त्या सकाळी दादांचे जुने सहकारी तिवारीजी पुष्कळ वर्षांनी यायचे होते. त्यामुळे ती मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात शिरली आणि पोह्यांना लागली. तिवारीजी आले. चपला काढून पूर्वजांना एकेक नमस्कार करत शेवटच्या चित्रापाशी थबकले. हात जोडून म्हणाले, "अरे, बहनजी का कब हुआ?"

"होना बाकी है," मागून आवाज आला. आत्या पोह्यांची बशी घेऊन उभी होती. "तब तक पोहे लीजिए, ठंडे हो रहे हैं."

मी तोंडात रुमाल कोंबून गॅलरीत पळालो. तिवारीजींनी ते पोहे कसे गिळले हे त्यांनाच ठाऊक. ते गेले आणि आत्याने दार लावलं.

"क्या यार दादा, मला पोचवायची इतकी घाई?"

"अगं, हुक तिथेच होता. समोरच्या भिंतीला आत्ताच रंग दिलाय, टीव्ही लावलाय. तिथे कोण भोक पाडणार?"

"तो रंग कुणी निवडला? मीच ना? जन्म काढला मी या घरात. माझ्यासाठी एक खिळा जड झाला तुला?"

दादा माणूस वाईट नाहीत, काटकसरी आहेत. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "शकू, आज ना उद्या तुझा फोटो इथेच यायचा. भिंत दोनदा कशाला फोडायची?"

मला हसू येईना. आत्या दूधवाल्यावरसुद्धा गल्ली ऐकेल इतकं ओरडते. त्या दिवशी तिने आवाज खाली आणला. "बाळ्या, शेजारून ड्रिल आण. टीव्हीच्या वर, मधोमध." मी उठलो. दादा भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "या भिंतीला हात लावायचा नाही. घर माझं आहे."

ते शेवटचं वाक्य दादांनाही ऐकू आलं असावं, कारण ते लगेच खाली बसले. पण ते बोलून झालं होतं.

आत्याने चित्र स्वतः उतरवलं. शहराबाहेर राऊ गावात तिचा एक छोटा फ्लॅट आहे. कॉलेजच्या मुलींना भाड्याने द्यायची, तो नुकताच रिकामा झाला होता. शेजारचं ड्रिल अखेर त्या फ्लॅटमध्ये पोचलं. मी स्टुलावर, ती खाली. "डावीकडे. तुझ्या नाही, माझ्या डावीकडे. हाताला लकवा झालाय का? घर माझं आहे म्हणे! बस हो गया, उतर." समोर येईल त्या माणसाला नजरेने धरणारं ते चित्र दारासमोर लागलं. आणि आत्याने गादी, कुकर, तुळस, सगळं एकेक करून मागवून घेतलं.

दिवाळीला ती आमच्याकडे आली, दुपारची, पाहुण्यासारखी, मिठाईचा डबा घेऊन. दादांनी तोवर टीव्हीच्या वर खिळा ठोकून घेतला होता. चांगला मजबूत, मधोमध. त्यांनी तिला तो दाखवला नाही. नुसते तिकडे बघत बसले.

आत्याने चष्मा सावरून खिळा नीट पाहिला. चहा संपवला, पदर खोचला आणि दाराकडे जाता जाता म्हणाली, "छान ठोकलाय. आता त्याच्यावर कॅलेंडर टांग."