थोडी लहरी आहे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि सुनंदाला तर नाहीच. तुम्ही म्हणाल, एका शब्दाचं एवढं काय? पण मी शाळेत मराठी शिकवते हो. मला शब्दाचा अर्थ कळत नव्हता, असं कोण म्हणेल?

सुनंदा माझ्याच शाळेत गणित शिकवते. सिंदीहून आम्ही दोघी रोज एकाच एसटीने जायचो. वाटेत पळस फुललेला दिसला, की ही कंडक्टरला गाडी थांबवायला लावून मधेच उतरायची. "लहर आली," म्हणायची. मग ओंजळभर फुलं घेऊन उशिरा शाळेत, आणि मुख्याध्यापक रागवायचं सोडून हसायचे. मी एकदाच उशिरा गेले तर मला मेमो! जळायचे मी. तळपायाची आग मस्तकात जायची — आणि म्हणवून घ्यायचे तिची जिवलग मैत्रीण.

मग तिला पुलगावचं स्थळ आलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. दुसरा विषयच नसायचा तिला. मला तेव्हा नुसते नकार येत होते. मुलाची आत्या चौकशीला माझ्याकडेच आली. मी चहा केला, सुनंदाचं तोंडभरून कौतुक केलं. आणि मग — आवाज जरा खाली आणून — म्हटलं, "थोडी लहरी आहे. बस, एवढंच."

आत्याबाईंचा कप हातातच राहिला. "म्हणजे? तिले लहर येते काय, बाई?"

आमच्याकडची जुनी माणसं वेडाच्या झटक्यालाही लहर म्हणतात. त्यांना काय वाटलं, ते मला तिथल्या तिथे कळलं. 'नाही हो, मनाला येईल तसं वागते, इतकंच' — फळ्यावर कितीदा लिहिलेला अर्थ. तेवढं बोलायला काय झालं होतं मला? मी मान खाली घातली आणि चिवड्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

नकार आला. कारणही फिरत फिरत सुनंदापर्यंत पोचलं. रडून डोळे सुजलेले, आणि माझाच हात धरून विचारत होती, "मले खरंच लहर येते काय वं? तू तं रोज सोबत राह्यते."

"नाई वं. पण जरा जपून राहत जाय."

जपून! हेही मीच म्हटलं.

माझं लग्न झालं, तिचं राहिलं ते राहिलंच. गाडी अजून तीच. परवा पळस फुलला होता. सुनंदा खिडकीतून बघता बघता अर्धवट उठली, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "उतरू काय वं? बरं दिसन काय?"

"शाळेले उशीर होईन," मी म्हटलं.

ती बसली. आणि मला — अजूनही — बरं वाटलं.